वज्राची मावशी

शैलाक्काला मी शेवटचं पाहिलं ते दवाखान्यात, आणि पाहिलं म्हणजे तिची पाठ पाहिली. भेटायची वेळ संपली, मी आणि माझी मुलगी इरा उठलो, तशी अक्का आमच्याकडे पाठ करून खाटेच्या कडेला बसली आणि कपाटावरचे डबे खाली-वर करायला लागली. "झाकणं दोनच दिसत्यात गं तंगी. तिसरं कुटं गेलं?" आमच्या घरात निम्मं कानडी, त्यामुळे धाकटी बहीण म्हणून मी तिची कायमची तंगी. "सापडेल गं. येतो आम्ही," मी म्हटलं. ती डबेच हलवत राहिली. इरा दारात थांबली... थांबली... आणि मग माझा हात धरून निघाली. पहाटे फोन आला, अक्का गेली. त्यानंतर इरा एकच वाक्य बोलायची, "मावशीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही." दहा वर्षांची पोर ती, मी तिला नुसती जवळ घ्यायची. मला स्वतःलाच तेव्हा कुठे काय कळत होतं!

अक्का शिवणक्लास चालवायची. स्वतः लग्न केलं नाही, पण सोलापुरात आमच्या नात्यागोत्यातली निम्मी लग्नं तिनं जुळवली, तीही हौसेनं. समोरचीला आधी "कुणाची गं तू?" विचारायची आणि नाव नंतर. मामा कोण ते कळल्याशिवाय तिला माणूस पुरता दिसायचाच नाही. मला या चौकशांचा भयंकर वैताग यायचा. आमचं दोघींचं सख्य तसं विळ्याभोपळ्याचंच, पण एक दिवस तिचा आवाज ऐकला नाही तर मला जेवण जात नसे. एवढी लग्नं जुळवली, पण पाठवणीची वेळ आली की अक्का गायब. नवरी रडतेय, "अक्कांना बोलवा" म्हणतेय, आणि अक्का आत आचाऱ्याची भांडी मोजत बसलेली. लोक हसायचे. म्हणायचे, बाईला माणसांपेक्षा पातेल्यांची काळजी.

गेल्या वर्षी आम्ही बार्शीहून अक्काच्याच इमारतीत, जुळे सोलापूर भागात राहायला आलो. इरा इथल्या मुलांत मिसळायला तयार नव्हती. तिसऱ्या मजल्यावरची नववीतली मिहिका दर रविवारी मुलांना जमवून टेबलावर एक खेळ घ्यायची. ती गोष्ट सांगणार, प्रत्येकानं आपापलं पात्र तयार करून त्या गोष्टीत उतरायचं, आणि बाका प्रसंग आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. पडेल त्या आकड्यावर पात्राचं नशीब. मिहिकानं इरालाही बोलावलं. इरानं आपल्या पात्राचा कागद लिहून काढला आणि ऐन वेळी पाय मागे घेतला... सगळे हसतील म्हणून.

"दाव बघू," म्हणून अक्कानं चष्मा लावला. पात्राचं नाव वज्रा. आईवडील नाहीत, घर नाही, कशाची भीती नाही, कधी हरत नाही. अक्कानं कागद दोनदा वाचला, एखाद्या स्थळाची माहिती वाचावी तसा.

"हिचा मामा कोण?"

"मावशी, हे लग्नाचं नाहीये!"

"आसू दे की. हिला ताप आला तर बघणार कोण?"

इरा विचारात पडली. "घरी एक मावशी असली तर चालेल?"

"चालंल की! मावशी लई चांगली आसती," अक्का म्हणाली आणि लगेच वज्राच्या पिशवीकडे वळली. दोरी, मशाल, तलवार. "आन खायला? तलवार खाणार हाय का ती?" मग पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आली. शेवटी अक्कानं कागदावर बोट ठेवलं. "हिच्यात एक खोट घाल. सगळं चांगलंच लिवलेलं स्थळ मी कदी पुढं नेलं न्हाय. एक खोट सांगितली की बाकीचं खरं वाटतंय बघ."

"मग तुझी खोट काय?" इरानं विचारलं.

अक्का हसली, चष्मा काढून पदरानं पुसत बसली... "मला कुणाला जाताना बघवत न्हाय," ती म्हणाली. "मग मी आत जाऊन भांडी मोजती."

मी तिथंच बसले होते; इतक्या वर्षांत हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. इरानं मात्र सरळ लिहून टाकलं: वज्राला निरोप घेता येत नाही.

मुलांना ती खोटच आवडली. गोष्टीतलं गाव सोडायची वेळ आली, गावकरी जमले, की सगळी पोरं ओरडायची, "वज्रा कुठंय?" एकदा तर सगळे पुढे गेले आणि वज्रा कुठल्याशा कोठारात पोती मोजत राहिली. तो गोंधळ आमच्या घरापर्यंत ऐकू आला, आणि त्यात माझ्या मुलीचं हसू सगळ्यात मोठं होतं. अक्का जिन्यात उभी राहून ऐकत होती. एखादं लग्न ठरल्यावर व्हायचा तसा चेहरा झाला होता तिचा.

ती गेल्यावर इरानं खेळ सोडला. कागद कपाटात गेला. मिहिका दोन-तीनदा येऊन गेली. मी समजावलं, रागावलेही. माझी भीती वेगळीच होती... अक्कानं लावून दिलेली ही सोयरीक अक्काबरोबरच तुटते की काय.

परवाच्या रविवारी मिहिका सगळ्यांना घेऊन आमच्याच घरी आली. मी स्वयंपाकघरात होते. खुर्च्या सरकल्या, फासे वाजले, मग मिहिकाचा हळू आवाज आला, "इरा, वज्राची मावशी... म्हणजे, तिचं काय करायचं? गोष्टीतून काढून टाकू का?" मी नळ बंद केला.

"नको," इरा म्हणाली. "आहे ती. आम्ही निघालोय ना, म्हणून आत भांडी मोजतीय." मग म्हणाली, "तिला बघवत नाही. चला आपण."

फासा टेबलावर गडगडत गेला आणि पोरांचा गलका उठला. दवाखान्यातून आणलेले अक्काचे डबे तेवढ्यात मी घासून पालथे घातले होते. मी पदरानं डोळे पुसले आणि उगाचच त्यांची झाकणं मोजायला घेतली.