वरच्या मजल्यावरचा लाइनमन

कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारी माणसं जगात पुष्कळ असतात. पण लोकांच्या मध्ये उभं राहणं हाच ज्याचा पेशा होता आणि तरीही प्रतिस्पर्धी संघ सोडला तर ज्याची कधी कुणाला अडचण झाली नाही, असा माणूस मी एकच पाहिला. इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या इमारतीत तो बरोब्बर आमच्या वर राहायचा. उमेदीची सगळी वर्षं त्याने अमेरिकेत तिकडचा फुटबॉल खेळण्यात घालवली होती आणि २००८च्या मंदीत घर बँकेने घेतल्यावर इथल्या एका शाळेत पीटी शिकवायला आला होता. देह असा, की लिफ्टमध्ये तो शिरला की बाकीचे 'यल्ला, तुम्ही व्हा पुढे' म्हणून थांबायचे, आणि ते थांबले म्हणून ओशाळून हाच बाहेर यायचा. आमच्या वेताच्या खुर्चीची त्याला दया यायची, म्हणून तो जमिनीवर मांडी घालून बसे. रस्त्याने चालताना गाड्यांच्या बाजूला नेहमी तोच. मी कितीदा बाजू बदलली, पण दोन पावलांत तो पुन्हा माझ्या आणि गाड्यांच्या मधे.

त्या खेळात बॉल फेकणारा एक असतो आणि त्याच्यावर धावून येणाऱ्यांना मागे सरकत अंगावर घेणारे काहीजण पुढे उभे असतात. त्यांना लाइनमन म्हणतात. हा त्यातला. सबंध कारकिर्दीत बॉल त्याच्या वाट्याला एकदाच आला, तोही कुणाच्या तरी हातून निसटून. त्याचं काय करायचं ते न सुचल्यामुळे तो त्याच्यावर पालथा पडला आणि दोन्ही संघ त्याच्यावर. "फार सुखात होतो तेव्हा," असं तो सांगायचा.

माझी आई पुण्याहून राहायला आली, तेव्हा शेजारी लाइनमन होता एवढंच तिच्या कानावर पडलं. तिच्या दृष्टीने लाइनमन म्हणजे वीज मंडळातला. दुसऱ्याच दिवशी तिने त्याला खुणेने स्वयंपाकघरातली बंद पडलेली ट्यूब दाखवली. त्यानेही नाही म्हणण्याच्या संकोचाने, स्टूल न घेता, ती बदलून दिली. तिथून दोघांचं जमलं. ती मराठीत बोलायची, तो इंग्रजीत. आम्ही सगळे हाक मारतो म्हणून 'आई' हे तिचं नावच आहे असा त्याचा समज होता आणि तो दुरुस्त करावासा कुणालाच वाटला नाही.

जून महिन्यातल्या एका दुपारी आईला श्वास घेता येईना. मी मुसफ्फाला ऑफिसात, लिफ्ट बंद आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. बायको धावत वर गेली. त्याने खाली येऊन आईला चादरीत गुंडाळून उचललं आणि जिना उलटा, पाठमोरा उतरायला सुरुवात केली. त्याचे गुडघे खेळात कामातून गेले होते. सरळ उतरला असता तर कोसळला असता. बायको घाबरून, मागे बघा, मागे बघा म्हणत होती. तो म्हणाला, "मागे न बघता मागे जायचं, याचाच तर मला पगार मिळायचा." हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर कठीण होतं.

आई बरी होऊन घरी आली, तेव्हा हा गुडघ्यांवर बर्फ ठेवून पलंगावर पडून होता. चौकशी केली की पायऱ्या वाईट बांधल्यात म्हणायचा. मग लिफ्ट सुरू झाल्यावर आई रोज दुपारी वर जाऊन त्याच्या गुडघ्यांना तिळाचं तेल चोळू लागली. एकदा मीही सोबत गेलो. तो डोळे मिटून पडला होता आणि इतकी वर्षं अंगावर माणसं झेललेला तो माणूस चक्क रडत होता. आई चोळत राहिली.

पुढच्या वर्षी शाळेने काटकसर म्हणून त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. तो निघाला त्या सकाळी सामान गाडीत भरून झाल्यावर त्याने लॅपटॉपवर मला एक जुनी मॅच दाखवली. बॉल लांब गेला, स्टेडियम उसळलं, कॅमेराही तिकडेच वळला. त्याने चित्र मागे नेऊन थांबवलं आणि कोपऱ्यात पडलेल्या एका आकृतीवर बोट ठेवलं. "हा मी." मग त्याच्यामागे नीट उभ्या असलेल्या बॉल फेकणाऱ्याकडे बोट नेलं. "आणि हा बघ, याला खरचटलंसुद्धा नाही."

त्या खेळाचे नियम मला अजूनही कळत नाहीत. पण कधी टीव्हीवर लागला की मी बघतो. सगळे बॉलमागे धावतात, आणि माझी नजर मात्र कोण खाली पडलंय तिकडे जाते. तो उठून उभा राहीपर्यंत चॅनल बदलवत नाही.