आबांच्या बोटांना चालणारं यंत्र

आमच्या आबांचा अंगठा सरकारला मंजूर नाही. रेशनच्या दुकानातलं मशीन तो घेतच नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं गवंडीकाम केलं, चुना कालवला, सिमेंट कालवलं. बोटांवरच्या रेषा कधीच्याच गेल्या. दुकानदार म्हणतो, "आबा, पुसून लावा." आबा धोतराला बोट पुसतात, लावतात, अन् मशीन नाही म्हणतं. मग भावजयीचा अंगठा लावून धान्य घरी येतं. घरात याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं, मलाही नाही. माय गेली आणि याच बोटांनी मला सहा महिने हैराण केलं.

माय गेली तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो लागत होता. माझ्या मोबाइलमधला एक मी जिंतूरच्या स्टुडिओत दिला. स्टुडिओवाल्यानं मागं निळं आभाळ घातलं आणि मायला इतकी गोरी केली, की फ्रेम घरात आली तेव्हा आबांनी विचारलं, "ही कुणाची बाई हाय?" मागं बसलेल्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्या स्टुडिओवाल्याला चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणाला, "ताई, समदे असंच मागतेत." फोटो भिंतीला लागला, हारही चढला, पण आबा त्याच्याकडं कधी मान वर करून बघत नव्हते.

मी जिंतूरला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमचं गाव चारठाण्याच्या बाजूला, तिथं आबा माझ्या धाकट्या भावाकडं असतात. रविवारी मी गावी जाते. माय गेल्यानंतर मी ओट्यावर चढले, की आबा चहाच्या आधी म्हणायचे, "बाई, ते दाव." मी शाळेत बाई झाले त्याच्या कितीतरी आधीपासून ते मला बाईच म्हणतात. "ते" म्हणजे मोबाइलमधले मायचे फोटो. मी माझ्या बोटानं एकेक सरकवायची. आबा दोन बघायचे, तीन बघायचे, अन् म्हणायचे, "बास." मला वाटायचं, बघून मन भरत असेल.

मग एका रविवारी भावजय चुलीपाशी हळूच म्हणाली, "ताई, आबा आता फोन मागतच न्हाईत. मीच इचारलं तर म्हणले, राहू दे, तुला कामं हायत." हे ऐकलं आणि माझं टाळकंच फिरलं. माझा स्वभाव तसा तापटच, वर्गातली पोरंसुद्धा माझ्या चपलेचा आवाज ओळखतात. मी भावाला गाठलं. म्हटलं, "घरात तीन-तीन फोन, अन् एका माणसाला आपल्या बायकोचा फोटो बघायला मिळंना?" भाऊ म्हणाला, "त्यांच्या बोटानं चालतच न्हाई ताई. आमी काय करावं?"

मी माझा मोबाइल आबांच्या हातात दिला. त्यांनी काचेवर बोट ठेवलं. गिलावा वाळला का ते बघायला दाबावं तसं दाबलं. फोटो हलला नाही. बोट ओढलं, तरी नाही. तिसऱ्यांदा जोर लावला तर माझ्या मुख्याध्यापकांना फोन लागला. आबांनी मोबाइल परत माझ्या मांडीवर ठेवला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते "बास" म्हणायचे ते मन भरून नाही. आपल्यापायी पोरीचं बोट अडकलंय, म्हणून म्हणायचे. जन्मात कुणाला तंबाखूची चिमूट मागितली नाही असा हा माणूस. त्याला आता बायको बघायची तर दुसऱ्यापुढं हात पसरावा लागत होता, आणि त्यानं तो पसरणं बंद केलं होतं. म्हणजे मायचं दिसणंच बंद. मी ठरवलं, आबांना कुणाला न विचारता माय बघता आली पाहिजे. काय लागेल ते यंत्र आणू.

आधी माझ्या मुलाचा जुना टॅब आणला. पडदा मोठा, पण तीच काच, तीच बोटं. काचेवर चालणारा रबरी टोकाचा पेन घेतला. तो चालला, आणि आबांनी गवंड्याच्या सवयीनं तो पेन्सिलीसारखा कानावर खोचला. आठवड्याच्या आत तो शेताच्या कुठल्या धुऱ्यावर पडला ते आजवर सापडलं नाही. मी जिंतूरहून फोनवर सांगत बसायची, हे दाबा, ते दाबू नका. नुसतं उंटावरून शेळ्या हाकणं चाललेलं. शेवटी आबाच म्हणाले, "जाऊ दे बाई."

मग भावाला सुचलं, टीव्हीला पेनड्राइव्ह लावायचा. रिमोटला बटनं असतात, बटन आबांना दाबता येतं. आम्ही घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमधले मायचे फोटो एका पेनड्राइव्हमध्ये घेतले. करंगळीच्या पेराएवढी ती वस्तू. माय-आबांच्या लग्नाचा एकसुद्धा फोटो नाही, कुणी काढलाच नव्हता, आणि आता या पेराएवढ्या डबीत माय शेकड्यांनी बसली होती. भाकरी थापताना, बाजारात, नातवाला मांडीवर घेऊन, फोटो काढायला लागलं की प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरासारखी ताठ. मी ती वस्तू तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. काय ही किमया आहे माणसाची.

टीव्हीवर माय आली ती जवळजवळ तिच्या मापाची. शेजारपाजारच्या बाया जमल्या. भावजय रडायला लागली. पोरं "आजी, आजी" करत पडद्याला हात लावायला लागली. आबांनी एकदा वर बघितलं, मग खाली फरशीकडं, आणि उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले अन् भडकलेच. "एवढा खटाटोप केला आबा, अन् तुमी उठून आलात?"

आबा हळू म्हणाले, "चार माणसांत बायकोकडं टक लावून बघत असतेत का?"

मला आधी हसू आलं. मग ते गेलं. आमच्या लहानपणी आजोबा दारातच बसलेले असायचे. त्यांच्यासमोर आबा मायशी बोलायचे नाहीत. बोलायचंच झालं तर मला मध्ये घालायचे, "तुझ्या मायला म्हणाव, पाणी दे." माय पदर पुढं ओढून पाणी ठेवायची अन् निघून जायची. आबांच्या हाताखाली कामाला मायच होती, पण तिथं तरी काय? आबा माचाणावर, माय खाली, दोघांच्या मध्ये मालाचं घमेलं. मी तसं म्हटलं, तर आबा म्हणाले, "माल आला की घ्यायचा. भिंतीकडं बघावं का तिच्याकडं?" भिंत वाकडी गेली तर दहा जणं बोलणार. म्हणून ते भिंतीकडं बघत होते.

तर आता मला नीट कळलं, काय पाहिजे ते. बटनाचं पाहिजे, आणि उचलून आबांना एकट्याला कुठंही नेता येईल असं पाहिजे. मी आबांना घेऊन परभणीला गेले. वाटेतल्या झरी गावापर्यंत ते खिडकीतून आपण बांधलेली घरं दाखवत होते, पुढं गप झाले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "नसंल मिळत तर उगं भांडू नको दुकानदाराशी."

पहिल्या दुकानात सगळं काचेचंच होतं. तिथला माणूस आबांशी न बोलता माझ्याशीच बोलत राहिला. मी दोन शब्द सुनावले आणि निघाले. दुसऱ्या दुकानात फोटोची इलेक्ट्रॉनिक फ्रेम होती, दिसायला देखणी. मी पेनड्राइव्ह लावायला सांगितला. माय आली, गेली. दुसरी आली, गेली. आबा म्हणाले, "थांबव की." दुकानदार पाठीमागची बारकी बटनं चाचपत बसला, थांबवलं तरी जरा वेळानं ते आपलं पुन्हा चालू. आबा म्हणाले, "यष्टीतून माणूस दिसल्यावानी व्हायलंय हे." शिवाय त्याची वायर भिंतीतच लावावी लागणार. मी म्हटलं, चला.

तिसरं दुकान टेप-रेडिओ दुरुस्तीचं. आत एक पांढऱ्या दाढीचे चाचा बसलेले. त्यांनी मला काही विचारलं नाही, सरळ आबांना विचारलं, "क्या देखना है बडे मियाँ?"

आबा म्हणाले, "बायकोला बघायचंय."

मी चपापले. घरच्या पोरांसमोर जे सांगता आलं नव्हतं, ते आबांनी परक्या माणसाला एका दमात सांगून टाकलं. चाचा हसले नाहीत. "गुजर गये क्या?" एवढंच विचारलं. आबांनी मान हलवली. चाचा म्हणाले, "हात दिखाओ." आबांनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले. चाचांनी बोटं उलटसुलट करून बघितली, जशी एखादी बिघडलेली वस्तू बघावी, आणि स्टूल घेऊन वरच्या फळीवरून एक खोकं काढलं.

आत मिटवता येणारं छोटं सीडीचं यंत्र होतं, जेवणाच्या डब्याएवढं. झाकण उघडलं की त्याच्या आत पडदा. खाली टपोरी बटनं. बॅटरीवर चालणारं, पेनड्राइव्हलाही जागा. चाचा म्हणाले, आधी लोक यावर कव्वाल्या बघायचे, आता सगळे मोबाइलवर गेले, हे एकच उरलंय. मी बॅटरी जुनी असेल म्हणून वाद घातला. आबांनी माझ्याकडं बघितलं, पण मी थांबले नाही. चाचांनी मुकाट्यानं नवी बॅटरी घातली.

आबांनी बटन दाबलं. टिक वाजलं. माय आली आणि थांबली. आबा वाट बघत राहिले, ती जाते का. नाही गेली. पुन्हा दाबलं, दुसरी आली. मग त्यांनी डावीकडचं दाबलं, पहिली परत आली. पुढं, मागं, पुढं, मागं, किती वेळा केलं देव जाणे. "मागं बी येतंय," ते मला म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मी जन्मात तो तसा बघितला नव्हता. निम्म्या गावाची घरं उभी करणारा माणूस एका बटनापाशी थक्क होऊन उभा होता, आणि त्याला बघून मी.

पुढं दोन-तीन महिने आम्ही कुणीच त्या यंत्राजवळ गेलो नाही. भावजयीनं पोरांना तंबीच दिली होती. आबा स्वतः चार्जिंग लावायचे. दुपारी जेवण झालं की यंत्र उपरण्यात गुंडाळून शेताच्या बांधावर, बाभळीखाली जाऊन बसायचे. रविवारी मी गेले तरी "ते दाव" नाही, काही नाही. मला जरा चुकल्यासारखंही व्हायचं, खोटं कशाला बोलू. पण कसे फोटो बघता, कोणता आवडतो, हे मी विचारलं नाही. ते त्या दोघांचं होतं.

आणि एका रविवारी आबांनीच मला बांधावर बोलावलं. मी जाऊन शेजारी बसले. पडद्यावर भावाच्या घरभरणीचा फोटो होता. सगळं घर त्यात, माय एका कडेला, अर्धी दाराआड. मला वाटलं, यात काय दाखवायलेत? आबांनी एक बटन दाबलं. ते कशाचं, मी सांगितलं नव्हतं, मला माहीतच नव्हतं. फोटो मोठा झाला. अजून दाबलं, बाजूची माणसं पडद्याबाहेर गेली. डावी-उजवी बटनं दाबत त्यांनी मायला मधोमध आणलं, भिंतीला ओळंबा धरावा तसं बारकाईनं. अजून एकदा दाबलं. पडद्यावर फक्त मायचे डोळे उरले.

"बाई, हे बघ," आबा म्हणाले. "घारे हायत."

मी म्हटलं, "हो, घारेच होते की."

मी त्यांच्याकडं बघितलं, तर ते अजून त्या डोळ्यांवरच खिळलेले. म्हटलं, "तुमाला माहीत नव्हतं?"

"न्हाई," ते म्हणाले. "मला काळेच वाटायचे."

पन्नास वर्षांचा संसार, चार लेकरं, दोन दगावली, दोन वाढवली. मला राग यायला पाहिजे होता, एरवी एवढ्या-तेवढ्यानं येतो. पण आबांच्या तोंडावर लाज नव्हती, दुःखही नव्हतं. एखादी मोठी गोष्ट आपल्याला आज कळली, असे ते त्या पडद्याकडं बघत होते. "असा रंग मी कुठं बघितला न्हाई," म्हणाले. "लय चांगले होते गं." इतक्या वर्षांत मायची तारीफ मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली.

जरा वेळानं त्यांनी यंत्र मिटवून बाजूला ठेवलं. माझ्याकडं वळून म्हणाले, "इकडं बघ."

मी बघितलं. आबा वाकून माझ्या डोळ्यांत बघायला लागले. मी आता आजी व्हायच्या वयाची बाई, आणि माझ्या बापानं असं मला कधी बघितलं नव्हतं. ना शाळेत घालताना, ना सासरी पाठवताना.

"तुझे बी तसेच हायत," आबा म्हणाले.

माझे डोळे भरून आले होते. पण त्यांचं बघून झालं नव्हतं, म्हणून मी हात वर नेला नाही, अन् पापणीही लवू दिली नाही.