सादळ ओळखणाऱ्या आहेरबाई

डॉ. वसुधा आहेर यांच्या साठीनिमित्त लिहाल का, असं गौरवसमितीने विचारलं आणि मी लगेच होकार दिला. बाईंचा माझ्याइतका हेवा कुणी केला नसेल; निदान या एका बाबतीत तरी पहिला नंबर माझा.

ओळख सिन्नरच्या प्रयोगशाळेत झाली. विमानाचे भाग तपासायचे, दुरुस्त करायचे, हे आमचं काम. वयाने बाई मोठ्या, पण नोकरीत मी जुना. त्यामुळे प्रमुखाची खुर्ची आपलीच, असं मी धरून चाललो होतो.

एकदा शेपटीचा रडर, म्हणजे विमान वळवणारं सुकाणू, दुरुस्तीला आला. कार्बनचे धागे राळेत बसवून केलेला हा भाग गंजत नाही, पण हवेतला ओलावा पितो. तो ओलावा न काढता गरम ठिगळ चिकटवलं, तर आत वाफ होऊन थर फुगतात. ओव्हनमधून निघालेला रडर बघून मी म्हणालो, “सुकला की! लावा ठिगळ.”

“सादळलेला पापडही वरून कोरडाच दिसतो, बोरस्ते,” बाई म्हणाल्या. “वजन उतरायचं थांबलंय का?”

थांबलं नव्हतं, म्हणजे ओलावा अजून निघतच होता. बाईंनी रडर पुन्हा ओव्हनमध्ये ठेवायला लावला आणि विमानवाल्यांच्या फोनांना स्वतः तोंड दिलं. वजन स्थिर झालं, मगच ठिगळ लागलं. पुढे खुर्चीही त्यांनाच मिळाली. माझ्या पोटात दुखलं, अगदी खरं सांगतो.

बरं, मनसोक्त राग धरावा तर तीही सोय नाही! माझी आई घसरून पडली, तेव्हा बाई पंचवटीतून स्कूटरवर रोज डबा घेऊन इंदिरानगरला आमच्या घरी हजर. आई अजून विचारते, “तुझी ती हुशार बाई कशी आहे रे?” पोटच्या पोराला तिने कधी हुशार म्हटलेलं नाही.

या महिन्यात बाई निवृत्त होत आहेत. सोमवारपासून खुर्ची माझी. परवा त्या बाहेर गेल्या असताना मी जरा बसून पाहिलं. तेवढ्यात आमच्या एक इंजिनिअर आत डोकावल्या. “मॅडम नाहीत का? मग नंतर येते,” म्हणाल्या आणि गेल्या.

आहेरबाईंना उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. यात माझा स्वार्थ आहे. सोमवारी ओव्हनमधून पहिला भाग निघेल, सगळे माझ्या तोंडाकडे बघतील आणि मी कोपऱ्यात जाऊन फोन लावीन. बाई, तेवढा उचला.