सातव्या पायरीचं चौथं कडवं

“शेवटचं कडवं कुणाला दिलंन नाय. चिकट तो चिकटच!”

माझ्या मागे बसलेलं कोणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. ते माझ्या बाबांबद्दल बोलत होते. मी वळून पाहिलं नाही.

या ग्रुपवरचे सगळ्यांचे अनुभव मी वाचते, लिहिते मात्र पहिल्यांदाच. माझं शिक्षण इंग्लिश मीडियमचं, काही चुकलं तर सांभाळून घ्या. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आणि आजही आहे असं म्हणवत नाही. आमच्या घरात अंगारा-धुपारा कधी चालला नाही. बाबा म्हणायचे, आधी कारण शोध.

तर — चिपळूणहून दाभोळकडे जाताना खाडीच्या अलीकडे आमची वाडी आहे. तिथल्या बुद्धविहारात बाबांचा पहिला स्मृतिदिन होता. रविवार, दुपारचे चार. वर पत्रा, दोन पंखे, तीस-चाळीस माणसं. बाबा ऑफिसात क्लार्क होते, पण वाडीच्या गायन पार्टीचे मुख्य गायकही होते. सगळीकडे चालणारी भीमगीतं ते गायचेच. पण जाणकार लोक थांबायचे ते बाबांच्या स्वतःच्या एका गाण्यासाठी. ‘सातवी पायरी’. बाहेरच्यांना ती नुसती कविकल्पना वाटते. वाडीतल्या माणसाला माहीत असतं, की गावच्या बावीच्या, म्हणजे विहिरीच्या, सातव्या पायरीपर्यंतच आमच्या लोकांना उतरू द्यायचे. तिथे घागर घेऊन माझी आजी उभी राहायची, कोणी पाणी वाढेल म्हणून.

गाण्याची तीन कडवी सगळ्यांना पाठ. चौथं बाबा वर्षानुवर्षं जुळवत होते. त्यांच्या वहीत ‘४’ असा आकडा आहे आणि खाली कोरं पान.

त्या दिवशी बाबांच्या जागी मिलिंददादा गात होता, ढोलकीवर सुदामकाका. तीस वर्षं त्यांनी बाबांना साथ केली. मी फोन रेकॉर्डिंगला लावून मांडीवर ठेवला होता.

आमच्याकडे कोरस स्वतःहून शब्द उचलत नाही. मुख्य गायक कडव्याची शेवटची ओळ देतो, मग मागचे चौघे तीच ओळ दोनदा घेतात. तिसरं कडवं संपलं. मिलिंददादाने बाजूची बाटली उचलली. पेटी-ढोलकी चालूच होती. तो पाणी प्यायला, तोंड पुसलं, पुन्हा बाटली तोंडाला लावली — आणि मागून चौघे एकदम, एका सुरात...

“आठवीवर माझी लेक बसली, पाय सोडुनी पाण्यात!”

दुसऱ्यांदाही तीच ओळ. मग ते स्वतःच दचकून थांबले.

“ही कुठली रे ओळ?” सुदामकाकांनी ढोलकी बंद केली.

“आता दिलीन ना मिलिंदनं!”

“मी? अरे, पाणी पीत होतो मी!”

“मग आम्हाला काय स्वप्न पडलं? आख्खं कडवं म्हटलंस तू.”

“आधीच्या ओळी सांग मग.”

चौघांतला एक म्हणाला, “त्या कोण लक्षात ठेवतो? आम्ही शेवटची तेवढी पकडतो.”

रेकॉर्डिंग मी किती वेळा ऐकलं ते विचारू नका. तिसरं कडवं संपतं. मग फक्त पेटी-ढोलकी, जवळजवळ एका कडव्याएवढा वेळ. मग कोरस. मध्ये कोणाचाही आवाज नाही. तिथे बसूनही मी काही ऐकलं नव्हतं. ऐकलं ते त्या चौघांनी, आणि त्यांनी खोटं बोलावं असं काही कारण मला सापडलेलं नाही. आजही नाही.

पण सुदामकाकांना कारण सापडलं होतं. “समजलं,” ते ढोलकी खाली ठेवत म्हणाले, “गुपचूप ह्यांना शिकवून गेला. तीस वर्षं मी हात सुजवले, आणि मला नाय सांगितलंन.” ते उठून चपला शोधायला लागले. चौघे शपथा घेत होते, ते ऐकतच नव्हते.

मला माहीत होतं ते तिथे दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं. जायच्या अकरा दिवस आधी बाबा माझ्या दाराशी आले होते. “बाय, चौथं जमलं गो. टाइप करून ठेवतेस? माझं अक्षर कुणाला लागत नाय.” मी मैत्रिणींबरोबर व्हिडिओ कॉलवर होते. ते गायला लागतील आणि पलीकडे ऐकू जाईल, एवढीच मला भीती. मान न वळवता मी म्हणाले, नंतर. त्यांनी दार हळूच ओढून घेतलं आणि पुन्हा विचारलं नाही. त्या कडव्यात मी आहे, हे मला कोरसकडून कळलं.

चारचौघांत मी कधी बोलत नाही. सुदामकाका उंबऱ्यापर्यंत पोचले होते.

“काका, थांबा. बाबांनी कोणापासून लपवलं नव्हतं. ते मला सांगायला आले होते... मीच ऐकून घेतलं नाही.”