चौथ्या कडव्याला बसणारी मावशी

सुगंधामावशी गेल्याचा निरोप आला तेव्हा प्रताप नगरच्या आमच्या घरी नळ आला होता. मी आधी पिंप भरलं, मग निघाले. मावशीला त्यात काही वावगं वाटलं नसतं. वाहतं पाणी सोडून रडत बसणाऱ्या बाईला तिनंच झापलं असतं.

ती माझ्या आईची धाकटी बहीण, सावनेरजवळच्या खेड्यातली. साठच्या दशकात नागपुरात येऊन एका दवाखान्यात आया म्हणून लागली आणि रविवारी चर्चमध्ये पहिल्या रांगेत उभी राहून गाऊ लागली. पेटी मी वाजवायचे. आमच्याकडे एक गीत सगळ्यांच्या आवडीचं... उन्हाळ्यातल्या नदीसारखा जीव देवासाठी कोरडा पडलाय, असं. तीन कडवी तहानेची. चौथ्यात झरा सापडतो, सगळे पोटभर पितात, आवाज चढतात. मावशी तीन कडवी सगळ्यांच्या वर आवाज लावून गायची आणि चौथं सुरू होताच खाली बसायची. बाक कर्रकन वाजायचा. दर वेळी.

पाळकांनी एकदा तिला समजावलं की हे पाणी विहिरीचं नव्हे, आत्म्याचं. तिनं ऐकून घेतलं. मग सांगितलं, की गावच्या विहिरीला हात लावायची आमच्या घराला बंदी होती. घागर ठेवून दूर उभं राहायचं, कोणाला दया आली तर तो वरून ओतणार. बाप्तिस्मा झाल्यावरही विहीर तीच आणि ओतणारे हातही तेच.

"पाणी कोणतंही असो साहेब, मी अजून प्यायली नाही. देवाले खोटं काहून सांगू?"

मग चर्चला येतेस कशाला, असं त्यांनी गमतीनं विचारलं.

"तहान आहे म्हणून तर येऊन राहिली. भागली असती तर घरीच बसली असती."

वर गेल्यावर तरी चौथं कडवं गाशील ना, म्हणाले. "वर पाहू," म्हणाली.

पाळकांनी ते लक्षात ठेवलं होतं. अंत्यविधीच्या वेळी म्हणाले, बहिणीची तहान आता भागली, आज चारही कडवी तिच्या वतीनं गाऊ या. चांगल्या मनानंच म्हणाले. पण ती तिथं प्यायली की नाही, हे आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. आणि पहिल्या रांगेत, मावशीच्या जागी, गावाहून आलेली माझी मामी उभी होती. ती अजूनही त्याच विहिरीवर घागर ठेवून उभी राहते.

तिसरं कडवं संपलं. मी पेटीचा भाता बंद केला. पाळकांनी माझ्याकडे पाहिलं... वाजव, अशी खूण केली. मी नकारार्थी मान हलवली. त्या शांततेत मामी खाली बसली, आणि बाक वाजला.

आता रविवारी चौथं कडवं पेटीशिवाय म्हणतात. म्हणोत. मी उठून पहिल्या रांगेत जाते आणि बसते. परवा चर्चच्या कमिटीत विषय निघाला, की सुतार बोलावून तो बाक नीट करून घ्यावा.

मी नको म्हणून सांगितलं.