मावसाजींचे शोकप्रस्ताव

आमच्या मावसाजींइतका दुसऱ्यांच्या मरणाचा सदुपयोग करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल. अकोला आणि अमरावती यांच्या मधल्या आमच्या लहानशा गावाच्या नगर परिषदेत ते वर्षानुवर्षं निवडून येत होते, आणि तेवढ्या काळात त्यांनी एखादा रस्ता, एखादी नाली किंवा पाण्याची टाकी मंजूर करून घेतल्याचं कोणाला आठवत नाही. त्यांनी मंजूर करून घेतले ते फक्त शोकप्रस्ताव. सर्वसाधारण सभा सुरू झाली की आधी दिवंगतांना श्रद्धांजली वाहायची, दोन मिनिटं उभं राहायचं आणि मग विषयपत्रिकेकडे वळायचं, ही सगळीकडची रीत. गेलेला माणूस मोठा असेल तर त्याच्या सन्मानार्थ त्या दिवसाची सभाच तहकूब करायची, हीही रीतच. आमच्याकडे माणूस मोठा होता की नाही हे मावसाजींच्या भाषणानंतर ठरत असे, आणि ते बोलून खाली बसेपर्यंत तो मोठा झालेला असेच.

मी तेव्हा अकोल्याच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. सभागृहाच्या कोपऱ्यात पत्रकारांसाठी एक डुगडुगणारं टेबल होतं, तिथं बसून मी हे सगळं पाहत असे. एकदा मी त्यांना विचारलं, "मावसाजी, तुम्ही बजेटवर का बोलत नाही कधी?" ते म्हणाले, "बापू, बाकी कोनत्याबी विषयावर तोंड उघडलं का समोरचा उठून हरकत घेते. शोकप्रस्तावावर कोनी हरकत घेत नाई. विरोधी पक्ष उभा राहून आयकते, अन् थेबी मान खाली घालून." लोकशाहीवर मी बरीच जाडजूड पुस्तकं वाचली आहेत; इतकं नेमकं निरीक्षण त्यांत सापडलं नाही.

या कामासाठी त्यांची तयारी बारमाही चाले. वर्तमानपत्र ते मागच्या, निधनवार्तांच्या पानापासून वाचत. लग्नात जेवणाची पंगत बसली की पाहुण्यांमधल्या म्हाताऱ्यांकडे ते अशा आस्थेनं बघत, की म्हातारे पानावरून उठायला बघत. "आबा, तब्येत कशी हाय? जुन्या काळात तुमी कुस्त्या खेळत होते मनतात?" असं त्यांनी विचारलं की ओळखीचे म्हातारे भडकत. एकानं तर भर मांडवात सुनावलं, "तू मले माहा इतिहास इचारू नोको. मी दोन-चार वर्षं काई हालत नाई इथून." मावसाजी नम्रपणे म्हणाले, "नाई जी, घाई कोनाले हाय?" घाईत त्यांची चूक एकदाच झाली. अकोल्याच्या जठारपेठेतले एक निवृत्त हेडमास्तर वारल्याचं त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं आणि सभेत असं काही भाषण केलं, की मास्तरांकडून छड्या खाल्लेले दोन सदस्यही गहिवरले. पुढच्या आठवड्यात मास्तर स्वतः बसनं आले. आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. मास्तरांनी फक्त ठरावाची प्रत मागितली. नोकरीत असताना त्यांच्याबद्दल इतकं चांगलं कोणीच बोललं नव्हतं. मावसाजींनी प्रत दिली आणि वर बजावलं, "मास्तर, मंजूर झालेला ठराव तीन महिने रद्द करता येत नाई. तवरिक जरा जपून राहा."

त्यांची दोन मिनिटं हा वेगळाच प्रकार होता. सभागृहातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं, त्यामुळे वेळ मावसाजींच्या मनगटावरून मोजली जाई, आणि दिवंगताच्या योग्यतेप्रमाणे त्यांची दोन मिनिटं वाढत जात. गुडघे दुखणारे सदस्य मनातल्या मनात आणखी कोणाकोणाला श्रद्धांजली वाहत असतील, ते सांगवत नाही.

मावशीला यातलं काही आवडत नसे. "गावच्या मढ्याइले रडता, घरात एक शब्द फुटत नाई तुमच्या तोंडातून," असं ती चार माणसांत म्हणे. ते खरं होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा मावसभाऊ सुधीर, अमरावतीला कॉलेजात शिकत असताना काविळीनं गेला होता. राजापेठेत आम्ही दोघं एकाच खोलीत राहत होतो. तो गेल्यापासून त्या घरात त्याचं नाव निघत नसे. मावसाजी त्याच्याविषयी काही बोलल्याचं मी ऐकलं नाही, मावशीनंही ऐकलं नाही. साऱ्या गावाच्या माणसांवर तासतास बोलणारा हा माणूस त्या एका नावापाशी मुका होता.

मग ती वाईट वर्षं आली. कापसाला भाव नाही, विहिरींना पाणी नाही, आणि मावसाजी ज्या बातम्या मागच्या पानावर शोधत त्या पहिल्या पानावर यायला लागल्या. त्यांनी एका सभेत आसपासच्या खेड्यांतल्या जीव दिलेल्या शेतकऱ्यांसाठीही प्रस्ताव मांडून पाहिला. मुख्याधिकारी म्हणाले, "हे सगळे नगर परिषदेच्या हद्दीबाहेरचे आहेत." मावसाजींनी विचारलं, "मरायले बी हद्द असते का साहेब?" साहेबांनी नियमांचं पुस्तक पुढं केलं. मावसाजी खाली बसले. माझ्या आठवणीत त्यांचा नामंजूर झालेला हा एकच प्रस्ताव.

त्याच उन्हाळ्यात आमचा कोंडवाडा भरला. एरवी तिथं पिकात शिरलेली एखादी गाय नाहीतर चुकार गोऱ्हा असे. आता रोज सकाळी फाटकाबाहेर बैल उभे दिसायचे. गळ्यातल्या घंटा काढलेल्या, वेसण नवी घातलेली, म्हणजे कोणी ओळखू नये; पण शिंगांवर मागच्या पोळ्याची बेगड तशीच राहिलेली असायची. घरी कडबा नव्हता, आणि कोंडवाड्यात नगर परिषद थोडाफार चारा टाकत होती. लोक आपली जनावरं सरकारी चाऱ्यावर सोडून जात आणि ती आपली नाहीतच म्हणत. हे परिषदेला परवडण्यासारखं नव्हतं. सफाई कामगारांचे पगार थकले होते. म्हणून विषयपत्रिकेवर विषय आला : कोंडवाड्यातील बेवारस जनावरांचा जाहीर लिलाव करणेबाबत. जी गोष्ट एकट्याच्या सहीनं करायची लाज वाटते, ती सर्वसाधारण सभेपुढे ठेवतात. लिलावात बोली कोण बोलेल आणि ट्रक कुठं जातील, हे सगळ्यांना माहीत होतं.

कोंडवाडा मावसाजींच्या वॉर्डात. बाजाराच्या दिवशी ते तिकडून जात होते, मी सोबत होतो. कुंपणाशी एक बाई उभी होती, डोक्यावर रिकामी टोपली. आत एक मोडक्या शिंगाचा पांढरा बैल तारेतून तोंड काढून तिचा हात चाटत होता. त्याच्या मागं त्याच्याच जोडीचा दुसरा, बरगड्या दिसणारा, उभा होता.

"कोनाचे हायेत बाई हे बैल?" मावसाजींनी विचारलं.

"मले काय मालूम जी? मी त बाजाराले आली."

"मंग हा काहून चाटून राहिला तुमाले?"

"हाताले मीठ लागलं असंन." तिनं हात पदरात ओढून घेतला. बैलानं मान आणखी पुढं केली. मग तिनं आपण होऊनच सांगितलं, "घरधनी सुरतेले गेला कामाले. घरी कुटाराची काडी नाई. दोन बोटं गवत उगवलं का नेईन मी याइले." आणि टोपली सावरत विचारलं, "लिलाव कधी हाय मनतात?"

"सभेत ठरन."

"अन् सभा?"

मावसाजींनी आभाळाकडे पाहिलं. तिथं ढगाचा पत्ता नव्हता. "कोनी मेलं नाई, त पुढच्या आठवड्यात," ते म्हणाले.

त्या आठवड्यात एक जुने भजनी बुवा गेले आणि मावसाजींनी सभा तहकूब करून घेतली. पुढच्या खेपेला जवळपास कोणी गेलं नव्हतं, तर त्यांनी थेट चिखलदऱ्याच्या डाकबंगल्याचा एक वारलेला खानसामा शोधून काढला. त्याचा आमच्या नगर परिषदेशी संबंध एवढाच, की आमचे एक माजी अध्यक्ष त्याच्या हातची कॉफी प्यायले होते. मावसाजींनी त्या कॉफीच्या वाफेपासून सुरुवात केली आणि खानसाम्याचं सगळं एकाकी आयुष्य सभागृहापुढे असं उभं केलं, की लिलावाचा आग्रह धरणाऱ्या सदस्यानंच तहकुबीला अनुमोदन दिलं. गवत मात्र उगवायचं नाव घेत नव्हतं.

तिसऱ्या सभेच्या आदल्या संध्याकाळी अध्यक्षांच्या बंगल्यावर नेहमीप्रमाणे बैठक झाली. सभेत काय व्हायचं ते तिथं ठरत असे. सभा म्हणजे त्याचा प्रयोग. पत्रकार म्हणून मलाही खायला गिलावडे, म्हणजे उडदाचे वडे, मिळत, म्हणून मी हजर होतो. अध्यक्ष माणूस वाईट नव्हता, फक्त थकलेला होता. त्यांनी सुचवलं, "शोकप्रस्ताव या टायमाले शेवटी घेऊ. ऐनवेळच्या विषयात."

"मेलेला मानूस ऐनवेळचा विषय नसते अध्यक्षसाहेब," मावसाजी म्हणाले.

"बरं, पयला घ्या. पन मोठा मानूस पाह्यजे. खानसामे बंद." मग दुकानात मालाची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, "या महिन्यात तुमच्याकडं कोन हाय?"

मावसाजींनी गिलावडा तसाच खाली ठेवला. "कोनी नाई," ते म्हणाले. सगळे हसले. अध्यक्षांनी मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं, लिलावाचा विषय पहिला घ्या, चर्चा नको, टाळ्या वाजवून मंजूर.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, "कोणाचा शोकप्रस्ताव?" आणि उत्तर गृहीत धरून समोरचा कागद उचलला. मावसाजी उभे राहिले. मागच्या बाकावर कोणीतरी म्हणालं, "आता काय चहावाला मेला का?" थोडं हसू झालं.

"प्रस्ताव उशिरानं येऊन राहिला," मावसाजी म्हणाले. "तवा राहून गेला होता. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी इथं सभा होती. मी हजर होतो. विषय लय होते. तो सभागृहाच्या हिशेबानं कोनी नोता, मनून कोनी नाव घेतलं नाई. मीबी घेतलं नाई." ते थांबले. आता भाषण सुरू होईल म्हणून सगळे वाट पाहत राहिले. "सुधीर," ते म्हणाले. फक्त नाव. पुढं त्यांना काही सुचलं नाही. खानसाम्याच्या कॉफीवर सभागृहाला रडवणारा माणूस तोंड थोडं उघडं ठेवून तसाच उभा होता, आणि घड्याळाकडे पाहायचंही त्याच्या लक्षात नव्हतं. मग विरोधी पक्षातला एक जण उठला, मग दुसरा, मग सगळेच. मीही उठलो. किती वेळ झाला कोणास ठाऊक. अध्यक्षांनी कागद उलटा ठेवला आणि घंटी न वाजवता म्हणाले, "सभा तहकूब."

ही बातमी मी दिली नाही. लहान गावात द्यावी लागतही नाही. मी मावसाजींच्या मागोमाग घरी पोचलो, तर मावशी दारातच उभी होती. "त्याले बी नेलं तुमी सभेत?" एवढंच ती म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर ती त्यांना जेवायला वाढायची, कपडे धुवायची, पण बोलायची नाही. घरात आता दोघं मुके होते.

पुढची सभा व्हायच्या आत माळावर हिरवं दिसायला लागलं आणि कोंडवाड्याच्या फाटकावर दावी घेऊन माणसं आली. बेवारस जनावरांना एकेक करून वारस सापडले. लिलावाचा विषय आपोआप निकाली निघाला. आमच्या नगर परिषदेत बरेचसे विषय असेच निघत, पण या वेळी त्यामागं कोणाचा तरी खर्च झाला होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती बाई मावसाजींचं घर विचारत आली. कोंडवाड्याच्या रखवालदारानं पत्ता दिला होता. तिच्याबरोबर मोडक्या शिंगाचा बैल होता, अंगावर झूल, शिंगांना नवी बेगड. एकटाच. दारात सजवलेला बैल आला म्हटल्यावर मावशीला बाहेर यावंच लागलं. तिनं त्याच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. मग विचारलं, "जोडीचा कुठं हाय?"

"बसला थो मावशी. कोंडवाड्यातच बसला. गवत आलं तवरिक उठलाच नाई."

मावशीनं त्या बैलाच्या कपाळावर हात ठेवला. मग ओसरीवर बसलेल्या मावसाजींकडे वळून, किती तरी दिवसांनी म्हणाली, "याइच्यासाठी नेलं का त्याले?"

"हो," मावसाजी म्हणाले.

ती आत गेली आणि दोन पुरणपोळ्या घेऊन आली. बैल एकच होता. तिनं दोन्ही त्यालाच चारल्या.

त्यानंतर मावसाजींनी शोकप्रस्तावावर भाषण केलं नाही. नाव वाचत, घड्याळ बघून बरोबर दोन मिनिटं मोजत, आणि बसत. सभा वेळेवर संपू लागल्या आणि गावाचं त्यामुळे काही भलं झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ते स्वतः गेले तेव्हा नगर परिषदेवर प्रशासक होता. निवडणुका लांबल्या होत्या, सभागृहाला कुलूप होतं. प्रशासक ही एका माणसाची सभा असते : तोच विषय मांडतो, तोच मंजूर करतो, आणि त्याला दोन मिनिटं उभं करणारं कोणी नसतं. ज्यानं साऱ्या तालुक्याला श्रद्धांजली वाहिली, त्याच्यासाठी कोणी ठराव केला नाही.

मला ते फार लागलं होतं. तेराव्याच्या दिवशी मी मावशीला म्हणालो, "निवडणूक झाली की पहिल्याच सभेत मी मावसाजींचा शोकप्रस्ताव घ्यायला लावतो. दिवसभराची सभा तहकूब करायला लावतो."

मावशी परातीतले तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "कोंडवाड्यात हाय का काई आता?"

"नाही मावशी. आता बैलच कुठं राहिले? रिकामा आहे."

"मंग कायले तहकूब करतं बापू?" ती म्हणाली. "चालू दे सभा."