तिथीचा ऑलिव्ह ब्रेड

चूक माझीच आहे. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कोणी माझी बाजू घ्यायला नको. चहा घ्या आणि ऐका.

मी आचारी. शाळा तिसरीपर्यंत. तंजावरपासून मद्रासपर्यंत आमच्या मराठी लोकांची लग्नं चाळीस वर्षं रांधली. माझ्या सांबारात मीठ कमी आहे म्हणणारा अजून जन्मायचा आहे. आणि माझी बायको सरोजा शेवटचे तीन महिने कशावर जगली? सुनेच्या हातच्या ऑलिव्ह ब्रेडवर.

औषधांनी तिच्या तोंडाची चव गेली होती. माझं रसम तिनं बाजूला सारलं. आमची सून वाणी मद्रासमधल्या आमच्या वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये हौसेनं ब्रेड भाजते. त्यातलं ते खारट, कडवट काळं फळ सरोजाला आवडलं. पुढे दोघी मिळून पीठ मळू लागल्या. आमच्यात सून सासूला आत्या म्हणते आणि सासऱ्याला मामा. मी तिथंच खुर्चीवर बसायचो, भिंतीकडे तोंड करून. एवढा अपमान माझा कुठल्याही मांडवात झाला नव्हता.

परवा तिची पहिली तिथी, म्हणजे वर्षश्राद्ध होतं. मुलगा जहाजावर असतो, म्हणून विधी माझ्याकडे. मी ठरवलं, या वेळी ती माझ्या हातचं खाईल. तिच्या आवडीचाच ब्रेड, पण मी केलेला. श्राद्धाला ब्रेड चालतो का, हे वाद्ध्यारांना, म्हणजे आमच्या भटजींना, विचारलं नाही. नाही म्हणाले असते.

वाणी सकाळी ऑफिसला गेली. अर्धी सुट्टी काढून दुपारी येणार होती. मी आधी स्वयंपाकघर शुद्ध केलं. तिथीच्या दिवशी घरात शिळं, आंबलेलं काही राहता कामा नये. फ्रिजच्या कोपऱ्यात एक बाटली सापडली. आत पातळ पीठ, वर बुडबुडे, वास ताडीसारखा. आजकालच्या मुलींना फ्रिज म्हणजे अडगळीची खोली. खाली जाऊन नारळाच्या बुंध्याशी सगळं ओतलं. बाटली चिंचेनं घासून पालथी घातली.

मग मैदा, मीठ, तेल, ऑलिव्ह. भिंतीकडे तोंड असलं तरी एवढं मला दिसलं होतं. मळून झाकून ठेवलं. दोन तास झाले, पीठ जागचं हललं नाही. या गावच्या उकाड्यात इडलीचं पीठ भांड्याबाहेर चालत येतं, आणि ह्याला काय झालं? गच्चीवर नेऊन उन्हात ठेवलं. खडसावलंसुद्धा. शेवटी होतं तसंच ओव्हनमध्ये ढकललं.

बाहेर आला तो ब्रेड नव्हता, पाटा होता. सुरी वाकली. वाद्ध्यार विधी करायला आले, तेव्हा नारळासारखा फोडून एक तुकडा पिंडाशेजारी ठेवला.

गच्चीच्या कठड्यावर पान मांडलं आणि कावळ्याला हाक मारली. एक आला. ब्रेडवर चोच मारली. टक्. माझ्याकडे पाहिलं आणि उडून गेला. दुसरा फिरकला नाही. तास गेला, दीड तास गेला. मी अनवाणी, उपाशी, तापलेल्या गच्चीवर. वाद्ध्यार घड्याळ बघून निघाले. जाताना म्हणाले, काही इच्छा राहिली असेल.

मेल्यावरही माझ्या पानावरून उठली ही?

तेवढ्यात वाणी वर आली.

"मामा, फ्रिजमधली बाटली कुठंय?"

"टाकली. नासली होती."

तिनं ऑफिसची पिशवी खाली ठेवली.

"नासली नव्हती. ब्रेड त्या आंबवणानंच फुगतो. आत्यांनी स्वतःच्या हातानं लावलं होतं ते. मी वर्षभर पीठ घालघालून जगवलं. आज त्यातनंच त्यांच्यासाठी ब्रेड करणार होते."

मी कठड्यावरचं पान उगाच सरळ केलं.

"कुठं टाकलंत?"

मी खाली बोट दाखवलं. ती कठड्यावरून वाकली. मीही वाकलो.

नारळाच्या बुंध्याशी अख्ख्या वेलचेरीचे कावळे जमले होते. ओळीनं, शिस्तीत. पंगतच. पीठ जवळजवळ संपलं होतं आणि आग्रह कुणालाच करावा लागत नव्हता.

वाणीनं डोळे पुसले. "मामा, आत्या जेवल्या."

जेवली खरी. रांधलं तिचं तिनंच होतं. चाळीस वर्षांचा आचारी मी, बायकोच्या तिथीला नुसता वाढपी निघालो.